हिरवं पाकीट

नगरसभागृहाच्या दारात ओपलमावशींच्याच वस्तीतल्या पहारेकरी टेरेलने त्यांच्या पर्समधून पुदिन्याच्या वासाच्या मेंथॉल सिगरेटचं हिरवं पाकीट काढलं. “मावशी, तंबाखू आत चालत नाही.” “वा रे वा! इथे चालत नाही, मग आपल्या काळ्यांच्या वस्तीत दुकानादुकानात कशी चालते? या मेंथॉलची विक्री बंद करा, हेच सांगायला आलेय मी.” त्याने हसून पाकीट ठेवून घेतलं. तासाभराने मावशी धुमसत परतल्या. बंदीचा ठराव पाचव्यांदा पुढे ढकलला होता. त्यांना बोलूच दिलं नव्हतं. टेरेलने परत दिलेल्या पाकिटात चारऐवजी तीनच सिगरेटी होत्या आणि टेरेलच्या तोंडाला पुदिन्याचा वास येत होता. “राहवलं नाही, मावशी.” “माझा नवरा खोकत खोकत गेला, तेव्हा हे त्याच्या उशाखाली सापडलं.” टेरेलची मान खाली गेली. मावशींनी न वाचलेलं भाषण उलगडलं. “बस इथे, लेका. दोनच मिनिटांचं आहे. तू तरी ऐक.”