तिसरं मेंडोलिन

मेंडोलिन शिकवणाऱ्या बाईंना आपल्या कानाचा भारी अभिमान. वाद्य विकत घेताना त्या डोळ्यांवर मुळीच विसंबत नसत. कारागिराच्या छोट्याशा खोलीत शिरल्या आणि खुर्ची भिंतीजवळ ओढून, भिंतीकडे तोंड आणि त्याच्याकडे पाठ करून बसल्या.

"वाजवा एकेक. खोट असली तर तोंडावर सांगेन."

"खुशाल सांगा," कारागीरही तोऱ्यात म्हणाला. "माझ्या हातचं काम आहे."

पहिलं वाजलं. "खर्ज दबलाय," बाई म्हणाल्या.

दुसरं वाजलं. "गोड आहे, पण स्वर लवकर विरतो."

तिसरं वाजलं आणि बाईंच्या अंगावर काटा आला. इतका भरीव, मोकळा स्वर त्यांनी तीस वर्षांत ऐकला नव्हता. "हे माझं!" म्हणत त्या वळल्या.

कारागिराच्या मांडीवर एक मेंडोलिन होतं आणि टेबलावर एक.

"तिसरं कुठलं, बाई? मी दोनच तर केलीत."

"माझा कान चुकत नाही," बाई तडकल्या.

तेवढ्यात तोच स्वर पुन्हा उमटला. कारागिराचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंची मान मात्र ताठ झाली. बघा, आपणच खरे ठरलो!

मग त्यांच्या लक्षात आलं, की स्वर आता त्यांच्या पाठीमागून, खुर्ची आणि भिंत यांच्यामधून येतोय.