जोडीची तपासणी

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली मेट्रनबाईंनी फतवा काढला, की रोग्यांची सेवा करणाऱ्या बायांनी आधी स्वतःच्या तब्येतीकडे बघावं. दर जानेवारीत प्रत्येक नर्सनं वजन करायचं, तीन मजले चढून नाडी मोजायची आणि रक्तदाब तपासून घ्यायचा. डॉक्टरांना सवड नव्हती, म्हणून प्रत्येक वॉर्डात दोघी-दोघींच्या जोड्या लावल्या. हिनं तिचा रक्तदाब तपासायचा, तिनं हिचा. वरचा आकडा एकशे साठच्या पुढे गेला, की थेट चादरींच्या कोठारात बदली.

प्रसूती वॉर्डात काडी आणि ढोल यांची जोडी लागली. काडी अंगानं काडीच होती. ढोलला ते नाव आवाजावरूनही पडलं होतं आणि अंगावरूनही. काडी तिन्ही मजले भराभर चढली. ढोल दुसऱ्याच मजल्यावर कठड्याला टेकली आणि म्हणाली, "तू हो पुढे. मी पुढच्या जानेवारीपर्यंत पोचते."

हसत हसतच काडीनं तिच्या दंडाला पट्टा बांधला. पारा एकशे अठ्ठ्याहत्तरवर असतानाच कानात पहिला ठोका वाजला. तिनं पुन्हा मोजलं. तेवढाच.

ढोलनं आकडा विचारला नाही. काडीच्या तोंडाकडे बघूनच ती समजली.

"एकशे बत्तीस लिही," ती हळूच म्हणाली. "बाळाचं पहिलं रडणं ऐकल्याशिवाय मला घास उतरत नाही गं. कोठारात मी चार दिवसही जगणार नाही."

काडीनं उभ्या आयुष्यात खोटी नोंद केली नव्हती. त्या दिवशी केली. मग ढोलनं तिचा दंड पुढे ओढला, पट्टा बांधला, कानाला नळ्या लावल्या आणि बराच वेळ पाऱ्याकडे बघत राहिली.

"एकशे चोवीस," ती म्हणाली. "घोडी आहेस नुसती."

तेव्हापासून काडीच्या जिवाला घोर लागला. तिनं ढोलला गोळ्या सुरू करायला लावल्या, त्या घेतल्या की नाही ते रोज विचारलं. तिच्या डब्यातलं मीठ बंद केलं. जड ट्रॉली तिच्या हातून काढून स्वतः ढकलली. ड्यूटी सुरू होण्याआधी तिला आवारात चार फेऱ्या मारायला लावल्या. इतका छळ आपल्या सासूनंही केला नव्हता, असं ढोल कुरकुरायची, पण चालायची.

तरी ढोलला यायला दहा मिनिटं उशीर झाला, की काडी फाटकाशी जाऊन उभी राहायची. डोकं मागून ठणकायचं. जानेवारी आला, की जास्तच. केलेल्या पापाचं ओझं, दुसरं काय, असं ती स्वतःला सांगायची. अशा अकरा तपासण्या झाल्या, आणि अकराही वेळा तिनं ढोलचा आकडा खोटा लिहिला.

मेट्रनबाई निवृत्त होऊन भावाकडे राहायला गेल्या आणि तपासणी त्यांच्याबरोबरच बंद पडली. ढोल प्रसूती वॉर्डातूनच निवृत्त झाली. गोळ्या आणि फेऱ्या दोन्ही तिनं सोडल्या नाहीत, आणि पंचाहत्तरी ओलांडूनही ती जिने चढत होती. काडीला नोकरीत असतानाच, एका सकाळी वॉर्डात, हातात ट्रे असताना पक्षाघात झाला. उजवं अंग कायमचं गेलं. भाचीच्या घरी खिडकीशी तिची खाट होती, आणि ढोल रोज दुपारी येऊन तिच्या हाताला तेल चोळायची.

अशाच एका दुपारी काडीच्या तोंडून ते बाहेर पडलं. शब्द जड यायचे, पण आले.

"अकरा वर्षं तुझ्या जिवाशी खेळले मी. त्याचीच ही शिक्षा."

ढोलचा हात थांबला.

"तुझाही आकडा खोटाच होता," ती म्हणाली. "पहिल्या वर्षापासून. एकशे नव्वद."

काडीनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. "मी कुठे सांगितलं होतं तुला?"

"नव्हतं सांगितलंस." ढोलनं मान खाली घातली. "पण तू कोठारात गेली असतीस, तर माझा कोणी लिहिला असता?"