टेलिफोन विभागाची मेणबत्ती

नोव्हेंबरात आमच्या विद्यापीठाच्या चॅपलमध्ये वर्षभरात वारलेल्या कर्मचाऱ्यांची नावं वाचतात आणि प्रत्येकासाठी त्याच्या विभागातलं कुणीतरी मेणबत्ती लावतं. निवृत्त झाले तरी मी चुकवत नाही. यंदा फादर अमादोंनी वाचलं, "फेलिसिदाद अगबायानी, टेलिफोन विभाग, एकतीस वर्षं." ते माझंच नाव होतं. ऑफिसनं निवृत्तांची यादी भलतीकडे जोडली असणार. विभाग केव्हाच बंद झालेला, त्यामुळे उठलं कुणीच नाही. शेजारची बाई पुटपुटली, "एवढी राबली, आणि मागे कुणी नाही." मग मीच गुडघे सावरत पुढे गेले आणि मेणबत्ती पेटवली. आमच्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं 'मानांग' म्हणत फादरांनी हळूच विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" एकतीस वर्षं रोज सकाळी फादरांचा पहिला फोन मीच जोडायचे. त्याच टेलिफोनवाल्या आवाजात मी म्हटलं, "आम्ही एकत्र राहायचो, फादर." त्यांनी मान हलवली आणि पुढचं नाव वाचलं.