घरचं तेल

होटगीच्या रस्त्यावर मोटारीच्या तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर आला तसं कोंडीबा ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि बैल जुंपून गाडी मालकाच्या तेलघाण्यावर आणली. इंजिनाखालचं भांडं सोडवताच मेलेल्या घुशीसारखा भपकारा सुटला. जाळी काळ्या, चिकट खळीनं बुजली होती. “मालक, ह्यात करडईचं तेल वतलं व्हय तुमी?” “मग! घरचा घाणा असताना विलायती तेल कशाला?” नाक मुरडत कोंडीबानं जाळी रॉकेलनं धुतली, विलायती तेल भरलं, काटा जागेवर आणला आणि उपसलेल्या घाणीचा डबा उकिरड्याकडं उचलला. “आरं, टाकतोस कुटं?” मालक खेकसले. “गाळून ताज्या तेलात मिसळ. गड्यांच्या दुपारच्या भाकरीला चालतंय.” “हे खायला?” कोंडीबा पचकन थुंकला. “न्हाय तर काय! मागल्या खेपेला मी इंजिनातनं उपसलेलं तर तूच चटणीवर दोनदा मागून घेतलंस की!”