शेवटच्या दोन ओळी

डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत राहिलं. मैत्रेयीने ते पायाने दाबून धरलं. पलंगावर तिची लेक स्पृहा कुशीवर वळली, पण उठली नाही.

दुपारी अख्खं वणी झोपतं. तेवढाच वेळ तिचा. बीसीएचा तर्कशास्त्राचा पेपर उद्यावर आला होता आणि पुस्तकातला चार ओळींचा तक्ता काही केल्या डोक्यात शिरत नव्हता. 'जर हे, तर ते.' पहिलं घडलं आणि दुसरं घडलं नाही, तरच वाक्य खोटं. पण पहिलं घडलंच नाही, तर? शेवटच्या दोन्ही ओळींपुढे 'खरं' लिहिलेलं. दोन्ही कशा खऱ्या? घरातलं एखादं वाक्य घालून पाहा, असं सर म्हणाले होते.

सासूबाई पाणी प्यायला आल्या. "काय वं, भांडेबी शिकून राह्यले का तुह्यासंगं?"

मैत्रेयी हसली. मग हळूच म्हणाली, "आई, सकाळी तुम्ही म्हटलं ना, मी पास झाली तर पुढच्या वर्षीबी स्पृहाले तुम्ही पाहान."

"म्हटलं. माहा शब्द पक्का असते."

"अन् नापास झाली तर?"

सासूबाईंनी माठावर झाकणी ठेवली. "त्याचं मी काई बोललीच नाही," म्हणाल्या आणि आत जाऊन आडव्या झाल्या.

पोरीला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी नाही म्हटलं की कॉलेज संपलंच.

मैत्रेयीने तेच वाक्य तक्त्यात घातलं. नापास झाले, तरी आईंनी पोरीला पाहिलं: शब्द खरा. नापास झाले, आईंनी नाही पाहिलं: तरी शब्द खराच. तिने पुन्हा वाचलं. पुस्तकाचं चुकलं नव्हतं, आईंचंही नाही. मग पुढच्या वर्षी नक्की होणार काय? ते कुठल्या ओळीत पाहायचं? तिने पान उलटलं. तिथे पुढचा धडा होता.

"मम्मी."

स्पृहा जागीच होती. कधीपासून, कोण जाणे. ती सरकत आली आणि मैत्रेयीच्या मांडीवरचं पुस्तक बाजूला करून तिने तिथे डोकं ठेवलं.

"मम्मी, तू नापास झाली तं दिवसभर माह्याजवळच राहशीन ना?"