टेकाडाखालची चार मडकी

पांढरीच्या, म्हणजे गावाच्या जुन्या वस्तीच्या, टेकाडात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घराची जमीन उघडी पडली आणि तिच्याखाली चार मडकी सापडली. चारही मडक्यांत तान्ह्या बाळांची हाडं होती. उत्खननाची प्रमुख मृणाल टिपणीस हिने हाडांचा चिमूटभर चुरा डीएनए वाचणाऱ्या यंत्रात टाकला. शेजारी गावातली जिजा ब्रशने माती झाडत होती. तिला सातवा महिना होता.

यंत्राने आधी सांगितलं की ही सख्खी भावंडं आहेत आणि आईकडून आलेल्या एकाच आजाराने वर्षाच्या आत गेली आहेत. मग नेहमीप्रमाणे त्याने गावाच्या सरकारी रक्तनोंदीत, लेकीकडून लेकीकडे चालत आलेले त्या आईचे आजचे वंशज शोधले. पडद्यावर एकच नाव उमटलं. मृणालने घाईने पडदा झाकला.

"माझं नाव हाय ना, ताई?" जिजाने विचारलं. "माझी पहिली पोर आठ महिन्यांची होऊन गेली. कशानं गेली, कुणालाच कळलं नाही."

मृणालला खोटं बोलवेना. "आजार तोच आहे, जिजा. औषध अजून नाही. प्रत्येक बाळाला होतोच असं नाही, पण..."

जिजा मडक्यांकडे बघत राहिली. "चार पुरली हिनं. झोपायच्या जागेखालीच."

"पण तिची पाचवी मुलगी जगली असणार," मृणाल म्हणाली. "ती मोठी झाली, तिला मुली झाल्या. नाहीतर तू इथे नसतीस."

जिजाने तिचा हात घट्ट धरला.

"ते पाचवे नऊ महिने हिनं कसे काढले असतील, ताई?"