शिंप्याच्या फोटोखालचं टेबल

आमच्या कॉफीच्या दुकानात सजावट म्हणून भिंतीवर जुन्या कारागिरांचे फोटो लावले होते. एक आजी रोज शिंप्याच्या फोटोखालीच बसायच्या. “जगाचे कपडे शिवतो आणि स्वतःच्या सदऱ्याला बटण नाही, बघा!” असं त्याला दटावायच्या. आम्ही काय ते समजलो. ते टेबल त्यांच्यासाठी राखून ठेवायला लागलो, जरा उशीर झाला की काळजीने विचारायला लागलो.

परवा भिंती रंगवायला काढल्या, तेव्हा तो फोटो मी कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. “आजी, आजोबांना आता घरी घेऊन जा.”

त्यांचा चेहरा उतरला.



“हा कोण, मला काय ठाऊक गं! पण याला घरी नेलं, तर उद्या इथे यायला मला निमित्त काय?”